चार दरवाजांचं गाव

आमच्या घरी जेवताना दरवाजांविषयी बोललं जायचं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या इतर घरांत काय बोलत असतील कोण जाणे. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींकडे टीव्ही चालू असायचा आणि ज्याने त्याने आपलं ताट घेऊन हवं तिथे बसायचं. आमच्याकडे टेबल चौघांचं, माणसं तीन, आणि चौथ्या खुर्चीवर आईची पुस्तकं. वरणभात कालवता कालवता आई सांगायची, की जर्मनीच्या उत्तरेला मेक्लेनबुर्ग नावाचा मुलूख आहे, तिथे तळ्याकाठी नॉयब्रांडेनबुर्ग नावाचं गाव आहे, भाकरीसारखं गोल. त्याला दगडी तट, आणि तटाला चार दरवाजे. मुलखात खाण नाही, म्हणून तटाचे दगड शेतांतून वेचलेले, बर्फयुगात उत्तरेकडून वाहत आलेले गोटे. आणि दरवाजे भाजलेल्या विटांचे, लाल, उंच. बाबा दिवसभर शिकागोच्या ऑफिसात काम करून, संध्याकाळच्या गाडीने उभ्याने येऊन, हे सगळं ऐकत जेवायचे. एकदा ते म्हणाले, "इलिनॉयसुद्धा बर्फानेच सपाट केलंय. पण इथे कोणी दगड वेचले नाहीत वाटतं." आईला त्या दिवशी फार आनंद झाला होता. कोणी काही पुढे बोललं की तिला व्हायचा.

आई मूळची औरंगाबादची. तेव्हा सगळे त्या शहराला औरंगाबादच म्हणत. तिचं माहेर पैठण गेटाजवळ. शाळेला जाता-येता तिने दरवाजे पाहिले, त्यांच्याखालून सायकल दामटली. पुढे जर्मन शिकली, पूर्व जर्मनी नावाचा देश होता तेव्हा तिथे वर्षभर शिकायला गेली, आणि त्यातला एक उन्हाळा या गोल गावात काढला. परत आल्यावर पुण्यात जर्मन शिकवू लागली, बाबांशी लग्न झालं, मी झाले. मग बाबांच्या नोकरीमागून आम्ही अमेरिकेत आलो. तिला मिळालेला व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्यावर राहता यायचं, काम करता यायचं नाही. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आई घरी असते, हे मुलांना नेहमीच स्वाभाविक वाटतं. आज मी तिच्या त्या वेळच्या वयाच्या आसपास आहे, आणि सकाळी सगळे बाहेर पडल्यावर त्या घरात तिला कसले आवाज ऐकू येत असतील, याचा विचार मी आत्ता आत्ता करायला लागले आहे. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघर, लांबून जाणाऱ्या मालगाडीचा भोंगा, हिवाळ्यात रस्ता खरवडत जाणारा बर्फाचा ट्रक. बाकी काही नाही.

एक आवाज मात्र तिचा स्वतःचा होता. तिने फोडणी घातली की आमचा स्मोक अलार्म ठणाणा करायचा. आमचं घर ओळीतल्या टाउनहाउसांपैकी एक. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. त्या घरात मिसेस लिंडेमान राहायच्या. सत्तरीच्या, उंच, एका गुडघ्याने अधू, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच थंडीत, एका शनिवारी पोह्यांची फोडणी झाली, अलार्म झाला, आणि दारावर थाप पडली. मी दार उघडलं. त्यांनी चिडून इंग्रजीत विचारलं, "आग लागलीये का?" आणि मागोमाग स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. आई स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आली आणि त्या पुटपुटण्याला तिने जर्मनमधून उत्तर दिलं. नंतर आम्हाला कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "हे लोक रोज काय जाळतात देव जाणे," आणि आई म्हणाली होती, "मोहरी जाळतो. पाच मिनिटं थांबलात तर खायलाही मिळेल." मिसेस लिंडेमान दारातच उभ्या राहिल्या. मग आत आल्या, बूट काढले, पोहे खाल्ले, मिरची बाजूला काढून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी प्लमचा केक घेऊन आल्या.

त्यानंतर त्या आठवड्यातून एकदा तरी यायच्याच. आईला त्या फ्राऊ वैजयंती म्हणत, आई त्यांना फ्राऊ लिंडेमान. इतकी जवळीक होऊनही दोघींनी एकमेकींना शेवटपर्यंत अहोजाहोच केलं. आईचं थालीपीठ त्या सावर क्रीम लावून खात. त्यांची आंबटगोड लाल कोबी आई वरणाबरोबर वाढायची, आणि बाबा मुकाट्याने खायचे. कुठल्या तुम्ही, असं आईने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "उत्तरेकडची." त्यापुढे आईने विचारलं नाही.

लायब्ररीच्या जुन्या सामानाच्या विक्रीत आईला एक स्लाइड प्रोजेक्टर मिळाला. पुण्याहून आणलेल्या तिच्या स्लाइडचा डबा तोपर्यंत कपाटात होता. एका रविवारी दुपारी तिने पडदे ओढले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आणि मला, बाबांना व मिसेस लिंडेमानना समोर बसवलं. मी तेव्हा दहावीत होते. "आई, मला होमवर्क आहे," म्हणून पाहिलं. "दरवाजे बघून जा," आई म्हणाली. भिंतीवर लाल विटांचं ते गाव उमटू लागलं. आई मराठीत सांगत होती, मधेच जर्मनमध्ये. गावाबाहेर पडणारा रस्ता जिथे जातो त्या गावाचं नाव दरवाजाला. "आमच्या पैठण गेटासारखंच. हा फ्रीडलांडला जाणारा, हा ट्रेप्टोला, हा श्टारगार्डला. चौथा मागाहून केला, त्याला नुसतंच नवा दरवाजा म्हणतात, तोसुद्धा शेकडो वर्षांचा." त्या मुलखात आधी स्लाव लोक होते, तळ्याकाठी त्यांची देवळं होती, मग पश्चिमेकडून जर्मन उमराव आले, त्यांनी आखून गाव वसवलं, आणि हळूहळू स्लावांची भाषा नाहीशी झाली. राहिली ती गावांच्या नावांत. "श्टारगार्ड म्हणजे जुना गड," आई म्हणाली. "ऐकायलाही गडच वाटतो ना?"

मग तिने श्टारगार्डच्या दरवाजाची दुसरी बाजू दाखवली, गावाच्या आतली. तिथे वर उंचावर भाजलेल्या मातीच्या बायका ओळीने उभ्या आहेत, लांब झग्यांतल्या, दोन्ही हात वर केलेल्या. त्या कोण, कशासाठी हात वर करून उभ्या आहेत, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, असं आई सांगत होती. युद्धाच्या शेवटी तटाच्या आतलं जवळजवळ सगळं गाव जळून गेलं, दरवाजे तेवढे राहिले, आणि या बायकाही राहिल्या.

"थांबा," मिसेस लिंडेमान म्हणाल्या. त्या उठून भिंतीपाशी गेल्या. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि हात वर केलेल्या बायका त्यांच्या स्वेटरवर आल्या. त्या जर्मनमध्ये हळूहळू बोलल्या. आईने मधे एकदाही आम्हाला मराठीत सांगितलं नाही. बराच वेळ प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत राहिला. बाबांनी मला खुणेने वर जायला सांगितलं. मी गेले नाही.

ते काय होतं ते आईने रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. मिसेस लिंडेमान त्याच गावच्या. युद्ध संपता संपता रशियन फौज जवळ आली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांची आई, थोरली बहीण हाना आणि त्या, हातगाडीवर सामान घालून गावाबाहेर निघाल्या. दरवाजापाशी आल्यावर कळलं, की धाकटीचे जाड बूट घरीच राहिले. हाना म्हणाली, मी आणते, तुम्ही चालत राहा. दरवाजाखालून तिने दोन्ही हात वर करून हलवले आणि ती आत वळली. त्या रात्री गाव पेटलं. हाना परत भेटली नाही. "माझ्या बुटांसाठी गेली," असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे मायलेकी पश्चिमेकडे राहिल्या, मग लग्न, मग अमेरिका. ते गाव आधी सरहद्दीपलीकडे होतं, म्हणून गेल्या नाहीत. सरहद्द गेली तेव्हा नवरा आजारी होता. आणि नंतर म्हणे तिथे ओळखीचं कोण उरलंय.

काही आठवड्यांनी त्या आईला म्हणाल्या, मला तो दरवाजा एकदा बघायचा आहे, गुडघा साथ देतोय तोवर. मुलगा ॲरिझोनात, त्याला हे खूळ वाटतं आणि जर्मनही येत नाही. तुम्ही याल का माझ्याबरोबर?

आमच्या घरातलं मी ऐकलेलं सगळ्यांत मोठं भांडण त्यावरून झालं, आणि तेही हळू आवाजात, भिंत सामायिक असल्यामुळे. बाबा भांडी विसळत होते.

"आपला शिक्का संपलाय, वैजू," ते म्हणाले. "इथे राहायला कागद आहे. पण एकदा बाहेर पडलं की परत यायला पासपोर्टात नवा शिक्का लागतो. तो जर्मनीत मिळेलच असं नाही. मुंबईला जायला लागेल. तिथे अडकलीस तर?"

"तर अडकेन. कायमची तर नाही ना?"

"ते तुला कोणी सांगितलं? हल्ली चेकिंग किती वाढलंय बघतेयस ना? आणि मधेच माझा जॉब गेला तर? ऑफिसात दर महिन्याला कोणी ना कोणी जातंय. मी गेलो की तुझाही व्हिसा गेला. ही इकडे शाळेत, तू तिकडे."

"अरे, मला कळतं ते."

"मग कशाला?"

आई टेबल पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. "शिरीष, इथे आल्यापासून मला कोणी एक तरी गोष्ट मागितली का, जी फक्त मला येते? ही बाई मागतेय."

बाबांनी नळ बंद केला. हात पुसले. पुढच्या शनिवारी त्यांनीच आईला व्हिसाचे फोटो काढायला नेलं, आणि फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणून तिचे केस स्वतः मागे सारले.

सप्टेंबरात दोघी गेल्या. बाबा आणि मी असे दोघे उरलो. बाबांना मुगाची खिचडी यायची, म्हणून आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. कधी तिच्यात मटार असायचे. त्यांच्या फोडणीने अलार्म वाजत नसे, कारण ते भीत भीत अर्धं तेल घालायचे आणि मोहरी तडतडायच्या आत डाळ ओतायचे. कच्ची मोहरी दाताखाली यायची. आईचा फोन आला की आम्ही दोघं एका रिसिव्हरला कान लावायचो. "काय खाल्लंत?" ती विचारायची. "सगळं," बाबा सांगायचे. दरवाजा बघितलात का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघितला. त्याच आल्यावर सांगतील तुला. ते त्यांचं आहे."

मिसेस लिंडेमान ठरल्याप्रमाणे परत आल्या. आई आली नाही. ती जर्मनीहून मुंबईला गेली, अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवर उभी राहिली, तिथे तिला पूर्व जर्मनीतल्या त्या वर्षाबद्दल बरंच विचारलं, आणि तपासणी पूर्ण व्हायला वेळ लागेल असं सांगून पाठवून दिलं. किती वेळ ते सांगितलं नाही. ती औरंगाबादला आजोबांकडे जाऊन राहिली. बाबांनी फोन ठेवला आणि नेहमीसारखे तांदूळ धुवायला घेतले. ते घाबरले होते हे मला त्यांच्या धुण्यावरून कळलं. पाणी कधीचं स्वच्छ झालं होतं तरी ते धूतच होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मिसेस लिंडेमान आमच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना चहा करून दिला, आईसारखा आलं घालून. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या, सावकाश, शब्द पारखून.

"तुझी आई माझ्यामुळे अडकली," त्या म्हणाल्या.

"आय नो," मी म्हटलं. मला तेव्हा गोड बोलता येत नसे.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तो दरवाजा चुकीचा होता. तुला सांगितलं का तिने?"

पहिल्या दिवशी दोघी श्टारगार्डच्या दरवाजापाशी गेल्या होत्या. मातीच्या बायका होत्या तशाच होत्या. मिसेस लिंडेमान त्यांच्याखाली बाकावर बसल्या, आणि आईने थोड्या वेळाने विचारलं, की इथून बाहेर पडून तुम्ही कुठे गेलात? त्या म्हणाल्या, पश्चिमेला. आई म्हणाली, पण हा रस्ता दक्षिणेला जातो. फौज पूर्वेकडून येत होती. पश्चिमेला जायचं तर लोक ट्रेप्टोच्या दरवाजाने गेले असणार. आणि ट्रेप्टोच्या दरवाजावर या बायका नाहीत.

"मला तिचा राग आला," मिसेस लिंडेमान म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही पुस्तकात वाचलंय, मी तिथे होते. पण मला आठवायला लागलं, की आमचं घर या दरवाजाजवळ होतं. शाळेत जाताना मी रोज त्या बायकांना हात करायची. दोन्ही हात, त्यांच्यासारखे." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "म्हणजे हात कोणी हलवला? हानाने, की त्यांनी? मी साठ वर्षं बहिणीचा निरोप म्हणून जे बघत होते, ते मातीचं निघालं."

मी बिस्किटं पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आई त्यांना ट्रेप्टोच्या दरवाजाखाली घेऊन गेली. तिथे दुहेरी दरवाजा आहे, आतला आणि बाहेरचा, मधे फरसबंदी. आईने काही विचारलं नाही. दोघी कमानीखाली उभ्या राहिल्या. आत गार होतं, ओल्या विटांचा वास होता. आणि त्या वासाने मिसेस लिंडेमानना आठवलं, की बाहेरच्या कमानीत हातगाडीचं चाक दगडांच्या फटीत अडकलं होतं, मागचे लोक ओरडत होते, आणि त्यांची आई ओरडली होती, "हाना, सरळ ओढ!"

"बाहेरच्या कमानीत," त्या मला म्हणाल्या. "समजतंय का तुला? म्हणजे ती आमच्याबरोबर बाहेर आली होती. गाडी ती ओढत होती. बुटांसाठी ती वळली असेल तर पुढे कुठेतरी वळली असेल. किंवा बुटांसाठी वळलीच नसेल. त्या रस्त्यावर हजारो माणसं होती, गर्दीत माणसं हरवत होती. कदाचित बुटांची गोष्ट मीच केली."

"पण मग खरं काय?" मी विचारलं.

"माहीत नाही. माझ्याकडे एकच आठवण होती, आता दोन आहेत." त्यांनी चहा संपवला. "दुसरीत ती जिवंत आहे आणि तटाबाहेर आहे."

दिवाळी आली. महाराष्ट्र मंडळातल्या काकूंनी फराळाचे डबे पाठवले, त्यामुळे बाबांनी आणि मी केलेल्या चकल्या, ज्या तेलात विरघळल्या होत्या, कोणाला खाव्या लागल्या नाहीत. मिसेस लिंडेमान रोज संध्याकाळी यायच्या. त्यांनी न विचारता आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि बटाट्याचं सूप, पालकाचं सूप, पुन्हा बटाट्याचं सूप अशा क्रमाने आम्हाला जेवू घातलं. बाबांच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाची नोकरी गेली. बाबांची राहिली. डिसेंबरच्या सुरुवातीला आईचा फोन आला, की शिक्का मिळाला.

पुढचं इथेच सांगून टाकते. दोन-तीन वर्षांनी आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं आणि आई एका कॉलेजात जर्मन शिकवू लागली; पहिल्या तासाला ती विद्यार्थ्यांना कोणती स्लाइड दाखवायची ते सांगायला नको. मिसेस लिंडेमान त्याआधीच गेल्या, झोपेत. त्यांनी हानाचा शोध घ्यायला तिकडच्या कचेऱ्यांत विचारणा केली होती, आईच्या मदतीने. काही कळलं नाही. शेवटचं उत्तर आलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांच्याकडे पाहून तसं वाटत नव्हतं. मला इतकंच सांगता येईल, की त्या गावाला जाऊन आल्यानंतर त्या हानाविषयी बोलू लागल्या होत्या: ती कशी शिट्टी वाजवायची, तळ्यात पोहताना कशी भांडायची. त्याआधी त्यांच्या मुलाला आपल्याला मावशी होती हेही माहीत नव्हतं.

आई आली त्या दिवशी बर्फ पडत होतं. विमानतळावर ती बाहेर आली तेव्हा बारीक झालेली, केस जास्त पांढरे, हातात आजोबांनी दिलेल्या सांडग्यांची पिशवी. मी तिला मिठी मारली. बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "थंडी वाजतेय का?" गाडी फ्रीवेला लागली. वायपर इकडून तिकडे फिरत होते. मी मागे बसले होते, मला दोघांच्या फक्त माना दिसत होत्या.

"मी चुकीचं काही बोललो नव्हतो," बाबा म्हणाले.

"नाही. अगदी बरोबर बोलला होतास," आई म्हणाली. "तू म्हणालास तसंच झालं."

"मग?"

"मग काय. हे सगळं असंच होणार असं आधी माहीत असतं, तरी गेले असते."

पुढच्या गाडीचे लाल दिवे बर्फात पुसट दिसत होते, आणि बाबांनी वेग कमी केला.

"तेवढं मला कळलं होतं," ते म्हणाले. "फोटोसाठी तुझे केस मागे सारले तेव्हाच."